सरपणासाठीं हलकी सांखळी-करवत कशी निवडावी

बांधावरच्या बाभळींच्या फांद्या उतरविणें, वादळानें आडवें पडलेलें झाड तोडून वाट मोकळी करणें, आणि मृगापूर्वीं वर्षाचें जळण तोडून खोपींत रचणें, हीं कामें शेतकऱ्याच्या पाठीशीं पूर्वापार लागलेलीं आहेत. गॅस घरोघर आला, तरी अंघोळीचें पाणी, गुरांचें आंबोण व लग्नकार्याचा स्वयंपाक यांस सरपण लागतेंच. पूर्वीं हें काम कुऱ्हाडीनें व दोघांनीं ओढावयाच्या करवतीनें होई. हल्लीं कुऱ्हाड धरणारा गडी मिळणें दुरापास्त झालें आहे. मिळालाच तर त्याची मजुरी व सरपणाची किंमत यांचा मेळ बसत नाहीं. त्यामुळें पेट्रोलवर चालणारी सांखळीची करवत, जिला बाजारांत ‘चेन सॉ’ व आमच्याकडील गडी नुसतें ‘कटर’ म्हणतात, ती गांवोगांव दिसूं लागली आहे. परंतु पुष्कळ घरीं ती गोठ्याच्या कोपऱ्यांत धूळ खात पडलेली आढळते. याचें कारण यंत्र मुळांतच वाईट असतें असें नव्हे. तें निवडतांना ज्या गोष्टी पाहावयास पाहिजेत त्या पाहिल्या जात नाहींत, हें होय. त्या गोष्टी कोणत्या, हें आमच्या अनुभवास आलें तसें आम्ही येथें सांगणार आहोंत.

आरंभींच हें कबूल केलें पाहिजे कीं, हा अनुभव आम्हांस फुकट मिळालेला नाहीं. आमचें आयुष्य मुलकी खात्याच्या दप्तरांत गेलें. शिक्षण मराठी शाळेपुरतें. यंत्राचें ज्ञान म्हणाल तर सायकलच्या पलीकडे नव्हतें. नोकरींतून मोकळे होऊन घरची शेती पाहूं लागलों, तेव्हां बांधावर तेरा बाभळी, घरामागें सुबाभळींची रांग व विहिरीजवळ दोन जुने आंबे असा पसारा होता. आम्हीं तालुक्याच्या बाजारांत जाऊन सर्वांत मोठी व सर्वांत स्वस्त करवत आणली. दुकानदार म्हणाला, “काका, अठ्ठावन्न सीसीचं आहे, हत्ती आहे हत्ती!” आम्हांसही तें पटलें. बैल घेतांना दांत, खूर व चाल पाहणारे आम्ही, यंत्र घेतांना मात्र नुसत्या अंगापिंडावर भाळलों.

करवत घरीं आली. पण ती चालविणार कोण? आमचा वाटेकरी. तो वयानें तिशींतला, अंगानें सडपातळ. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशीं दुपारीं पडलेल्या बाभळीच्या फांद्या उतरवितांना त्याचे हात भरून आले. करवतीचें टोंक पलीकडच्या फांदीस लागलें, करवत उसळली, आणि खालीं आली ती त्याच्या डाव्या नडगीवर. तिचा ब्रेक पहिल्यापासूनच नीट लागत नव्हता, हें आम्हांस मागाहून कळलें. जखम हाडापर्यंत गेली. सतरा टांके पडले. अडीच महिने तो घरीं बसला. औषधपाणी व मजुरी आम्हीं दिली, तें आमचें कर्तव्यच होतें. पण त्याची म्हातारी आई आम्हांस म्हणाली, “तुमी आणल्यालं मशीन तुमी का न्हाई धरलं, भाऊसाहेब?” या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं त्या दिवशीं नव्हतें.

यंत्र घेणारा एक व धरणारा दुसरा, अशी आपल्याकडे बहुधा स्थिति असते. म्हणून घेणाऱ्यानें धरणाऱ्याच्या हाताचा विचार करून तें घेतलें पाहिजे. या लेखांतील मुख्य गोष्ट हीच. बाकीचा सर्व तिचाच विस्तार समजावा.

यंत्राची घडण.— १९२६ सालीं जर्मनींत आंद्रेआस श्टील यांनीं विजेवर चालणारी सांखळी-करवत तयार केली. तिचें वजन सुमारें ४८ किलो असून ती दोघांनीं धरावी लागे. १९२९ सालीं त्यांनींच पेट्रोलवर चालणारी करवत काढली, तीही दोघांचीच. पुढें अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्यानें लांकूड पोखरणारी एका भुंग्याची अळी लक्ष देऊन पाहिली. ती आपल्या जबड्यांनीं डावीकडे व उजवीकडे आळीपाळीनें लांकूड कुरतडते, हें त्याच्या ध्यानांत आलें. तीच युक्ति त्यानें पोलादांत उतरविली व १९४७ सालीं तशा सांखळ्या करण्याचा धंदा सुरू केला. आज आपल्या करवतीच्या सांखळीवर एक दांता डावा व एक उजवा असा जो क्रम दिसतो, तो त्या अळीचाच धडा होय. आंब्याच्या ज्या खोडकिड्यास आपण शिव्या देतों, तो त्याच भुंग्याच्या कुळांतला आहे.

यंत्राचे भाग थोडे आहेत. मागें लहानसें पेट्रोलचें इंजिन. त्याच्या कडेला क्लच व दांतेरी चाक. पुढें लांब पोलादी पट्टी, हिला बाजारांत ‘बार’ म्हणतात. व त्या पट्टीच्या खोबणींतून फिरणारी सांखळी. इंजिन मंद चालत असतां क्लच सुटा राहतो व सांखळी स्थिर असते. खटका दाबून वेग वाढविला म्हणजे क्लच धरतो व सांखळी फिरूं लागते. पूर्ण वेगांत ती सेकंदास सुमारें २० मीटर धांवते. इतक्या वेगानें धांवणाऱ्या दांत्यांपुढें धोतर, विजार व कातडी यांत कांहींच भेद राहत नाहीं, हें लक्षांत असावें.

काम आधीं मोजावें.— दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या शिवारांतील काम दोरीनें मोजून पाहावें. फांद्या बहुधा मनगटापासून मांडीएवढ्या असतात. सरपणाचे ओंडके बहुधा फुटाच्या आंतले असतात. एवढ्या कामास ३० ते ४० सीसीचें इंजिन व १४ इंचांची, फार तर १६ इंचांची पट्टी पुरते. पट्टीच्या लांबीएवढ्याच जाडीचें लांकूड कापतां येतें असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. दोन्ही बाजूंनीं कापीत गेल्यास १४ इंचांच्या पट्टीनें दोन फुटांच्या आसपासचा ओंडकाही तुटतो. लांब पट्टीनें वजन वाढतें, टोंक नजरेबाहेर जाऊन भलत्याच ठिकाणीं लागतें, आणि धार लावावयाचे दांतेही वाढतात. वर्षांतून एखादें मोठें झाड बुंध्याशीं पाडावयाचें असेल, तर त्या एका दिवसासाठीं मोठी करवत असलेला माहितगार मनुष्य बोलवावा. एका दिवसाच्या कामासाठीं उरलेले ३६४ दिवस जड यंत्र बाळगणें शहाणपणाचें नव्हे.

वजन कसें पाहावें.— छापील पत्रकांत दिलेलें वजन बहुधा पट्टी, सांखळी, पेट्रोल व तेल यांवांचूनचें असतें. त्यांत पट्टी व सांखळी यांचे पाऊण ते एक किलो आणि टाक्या भरल्यावर आणखी पाव ते अर्धा किलो मिळवावे. पत्रकांत ४ किलो म्हटलेली करवत हातांत येते तेव्हां सव्वापांच किलोंच्या घरांत असते. आमची पहिली करवत अशीच मोजली तेव्हां सात किलोंच्या वर भरली. दोन किलोंच्या फरकानें काय होतें, असें कोणी म्हणेल. आम्हीं हयातभर हिशेब केला आहे, म्हणून हाही करून दाखवितों. फांद्या उतरविणारा मनुष्य दिवसांत ५०० वेळां करवत उचलतो असें धरलें, तर २ किलोंच्या फरकानें त्याच्या दंडांवर १,००० किलो, म्हणजे दहा क्विंटल भार अधिक पडतो. दुपारनंतर जो अपघात होतो तो या दहा क्विंटलांत दडलेला असतो.

वजनाइतकाच तोलही पाहावा. करवत दोन्ही हातांनीं कमरेजवळ आडवी धरली असतां तिचें नाक एकदम खालीं जाऊं नये, व मागचा भागही लोंबूं नये. ही परीक्षा जो ती चालविणार त्यानेंच, टाक्या भरवून, निदान पांच मिनिटें धरून करावी. मालकानें एका हातानें उचलून “हलकी आहे” म्हणणें ही परीक्षा नव्हे.

फार हलकीचा मोह नको.— बाजारांत तीन किलोंच्या आसपासची एक लहान करवत मिळते; तिची मूठ मागें नसून इंजिनाच्या माथ्यावर असते. ती पाहून हलकी म्हणून घेण्याचा मोह होतो. परंतु ती दोरखंडांनीं बांधून घेऊन झाडावर काम करणाऱ्या, तालीम मिळालेल्या माणसांसाठीं केलेली आहे. तिच्या दोन्ही मुठी जवळजवळ असल्यानें उसळी आवरणें कठिण जातें, व ती एका हातानें चालविण्याची खोड लागते. जमिनीवर उभें राहून फांद्या व सरपण तोडणाऱ्या शेतकऱ्यानें मागें मूठ असलेलीच करवत घ्यावी.

जिवाच्या रक्षणाचे भाग.— खालील पांच भाग ज्या करवतींत नाहींत, अगर असून चालत नाहींत, ती फुकट मिळाली तरी घेऊं नये.

(१) सांखळीचा ब्रेक. पुढच्या मुठीसमोर जी उभी ढाल असते ती पुढें ढकलली असतां सांखळी जागच्या जागीं थांबली पाहिजे. हें दुकानांतच इंजिन चालवून पाहावें.

(२) खटक्याचें कुलूप. मागच्या मुठीच्या वरचा भाग तळहातानें दाबल्यावांचून खालचा खटका दबतां कामा नये.

(३) सांखळी अडविणारा खुंट. सांखळी तुटली अगर उतरली तर ती हातावर न येतां या खुंटाला अडकते. शिवाय मागच्या मुठीचा खालचा भाग रुंद असल्यानें उजव्या हाताचें रक्षण होतें.

(४) हादरे शोषणाऱ्या स्प्रिंगा अगर रबरी गट्टू. यांवांचून तासन् तास काम केल्यास बोटांस मुंग्या येतात, व वर्षानुवर्षें तसेंच चालल्यास बोटें पांढरीं पडून बधिर होण्याचा विकार जडतो.

(५) मंद वेगावर सांखळी पूर्णपणें थांबणें. खटका सोडल्यावरही सांखळी रांगत राहिली, तर यंत्र जुळविलेलें नाहीं अगर क्लच बिघडला आहे असें समजावें.

उसळी म्हणजे काय.— पट्टीच्या टोंकाचा वरचा चतुर्थांश भाग फिरत असतां कशास लागला, तर दांते लांकडांत रुततात व सर्व जोर उलटून करवत वर आणि मागें, चालविणाऱ्याच्या तोंडाकडे फेंकली जाते. हें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतें. त्यास हाताच्या चपळाईचा उपाय नाहीं. उपाय दोनच : टोंकाचा स्पर्श होऊं न देणें, आणि पुढची मूठ डाव्या हाताच्या अंगठ्यानें वेढून घट्ट धरणें. अंगठा वरून नुसता टेंकविला तर हात सुटतो. बारीक कोपऱ्याच्या पट्ट्या व उसळी कमी करणाऱ्या सांखळ्या मिळतात. नवशिक्यानें त्याच मागून घ्याव्या.

पेट्रोल कीं बॅटरी.— अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या करवती पुष्कळ आल्या आहेत. त्यांचा आवाज कमी, धूर नाहीं, दोरी ओढावी लागत नाहीं, व खटका सोडतांच सांखळी थांबते. ज्याचें काम घराभोंवतीं असून एका वेळीं तासाभराच्या आंतलें आहे, त्यास ३६ ते ४० व्होल्टची करवत सोयीची पडेल. सहा-आठ इंचांच्या पट्टीच्या लहान पिस्तुली करवती मनगटाएवढ्या फांद्यांसच योग्य. त्यांच्यावर बाभळीच्या ओंडक्यांची आशा ठेवूं नये. खरेदींत बॅटरी व चार्जर यांची किंमत वेगळी विचारावी, कारण कित्येकदां ती करवतीच्या किंमतीच्या बरोबरीची असते. शिवाय दुसरी बॅटरी जवळ नसेल तर काम अर्ध्यावर थांबतें. ज्याचें रान घरापासून दूर आहे व जेथें वस्तीवर वीज बेभरंवशाची आहे, त्यानें पेट्रोलचीच घ्यावी.

सांखळीचे तीन आंकडे.— प्रत्येक सांखळीस तीन मापें असतात : दोन दुव्यांमधील अंतर, खोबणीची जाडी, व खालच्या दुव्यांची संख्या. हलक्या करवतींत पहिलें माप बहुधा ३/८ इंच, बुटक्या जातीचें, असतें. हे तिन्ही आंकडे पट्टीवर व पुस्तिकेंत छापलेले असतात. ते घरच्या वहींत टिपून ठेवावे. “चौदा इंचांची चेन द्या” म्हणून आणलेली सांखळी पुष्कळदां बसत नाहीं, व बसविलीच तर दांतेरी चाक खाऊन टाकते. करवत कोणत्या कंपनीची घ्यावी हें आम्ही सांगणार नाहीं. आमची कोणाशीं दलाली नाहीं. परंतु तालुक्याच्या गांवीं जिच्या सांखळ्या, पट्ट्या, प्लग व गाळण्या मिळतात आणि जिचा कार्ब्युरेटर जुळविणारा मनुष्य भेटतो, तीच करवत आपली. बैल खरेदी करतांना त्याच्या पत्र्या बसविणारा गांवांत आहे कीं नाहीं हें आपण पाहतोंच.

इंधन व तेल.— या इंजिनांत तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. चांगल्या प्रतीचें टू-स्ट्रोक तेल व ५० : १ प्रमाण सांगितलें असल्यास लिटरास २० मिलिलिटर, २५ : १ सांगितलें असल्यास ४० मिलिलिटर. प्रमाण पुस्तिकेंत पाहावें, अंदाजानें ओतूं नये. तेल कमी पडलें तर पिस्टन धरतो, व त्याची दुरुस्ती निम्म्या करवतीस पडते. सांप्रत पंपावरील पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें कांहीं अंशीं आपल्याच उसाच्या रसाचें व मळीचें असल्यानें आपणांस त्याचा राग नाहीं. पण तें हवेंतील ओल ओढून घेतें, व दिवसेंदिवस तसेंच राहिल्यास कार्ब्युरेटरचे पडदे व रबरी नळ्या खराब करतें. यास्तव मिश्रण महिनाभर पुरेल एवढेंच करावें, व हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मग ठेवावें. आमच्या पाहण्यांतील बहुतेक ‘बिघडलेल्या’ करवतींचा रोग एवढाच होता.

सांखळीस वंगण घालणारी दुसरी टाकी असते. साधारण पेट्रोलच्या एका टाकीबरोबर तेलाचीही एक टाकी संपली पाहिजे. ट्रॅक्टरचें जळकें तेल हींत घालण्याची चाल पडली आहे, ती वाईट. त्यांतील धातूचा कीस पंप बुजवितो, पट्टी झिजवितो, आणि तें अंगावर उडतें तेंही आरोग्यास अपायकारक आहे. पांढऱ्या लांकडावर टोंक धरून क्षणभर वेग दिला असतां तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे वंगण पोंचतें असें जाणावें.

धार.— हलकी करवत बोथट सांखळीनें जड होते. सांखळी धारदार असली तर ती आपल्या वजनानें लांकडांत उतरते व लांकडाचा जाड कीस बाहेर टाकते. पिठासारखा भुसा पडूं लागला व हातानें रेटावें लागलें, कीं काम थांबवून कानस घ्यावी. ३/८ इंच बुटक्या सांखळीस ४ मिलिमीटर जाडीची गोल कानस लागते. दांत्यास ३० अंशांचा कल ठेवून कानस आंतून बाहेर, एकाच दिशेनें ढकलावी. प्रत्येक दांत्यास सारखेच फटके द्यावे, नाहींतर कापणी एका बाजूस वळते. दांत्यापुढें जो उंचवटा असतो तो दांत्याच्या माथ्यापेक्षां सुमारें ०.६५ मिलिमीटर खालीं असावा. याहून अधिक घासल्यास करवत अधाशी होऊन उसळते. सांखळीस एकदां माती लागली, कीं तासाभराची धार एका क्षणांत जाते. म्हणून सरपण तोडतांना ओंडका जमिनीवर न ठेवतां लांकडी घोडीवर ठेवावा. सांखळीचा ताण इतकाच असावा कीं ती पट्टीच्या खालच्या अंगास चिकटून राहील, पण हातमोजा घालून ओढली असतां सहज सरकेल. काम झाल्यावर ती किंचित् सैल करावी, कारण निवतांना ती आखडते.

फांद्या उतरविण्याची रीत.— पडलेल्या झाडाच्या डाव्या अंगास उभें राहून बुडाकडून शेंड्याकडे जावें. करवतीचा भार खोडावर टेंकवावा, आणि जेथवर साधेल तेथवर आपले पाय व सांखळी यांमध्यें खोड ठेवावें. ज्या फांद्यांवर झाड टेंकलेलें असेल त्या शेवटीं तोडाव्या. आधीं तोडल्यास खोड पायावर येतें. उतारावर नेहमीं वरच्या अंगास राहावें. वांकून ताणलेली फांदी एकदम तोडूं नये. आधीं दाबाच्या, म्हणजे आंतल्या बाजूस थोडें कापून मग ताणाच्या बाजूनें पुरें करावें. ओंडका दोन्ही टोंकांस टेंकलेला असेल तर वरून तिसरा हिस्सा कापून उरलेलें खालून कापावें. एकाच टोंकास टेंकलेला असेल तर याच्या उलट. असें केल्यानें पट्टी चिमटत नाहीं. चिमटलीच तर ओढाताण न करतां इंजिन बंद करून लांकडाची पाचर ठोंकावी.

उभ्या आंब्याची फांदी काढतांना तीन काप घ्यावे. पहिला, खोडापासून हातभर अंतरावर खालून चतुर्थांशाएवढा. दुसरा, त्याच्या थोडा पुढें वरून, म्हणजे साल न सोलतां फांदी पडते. व तिसरा, उरलेल्या खुंटाचा, खोडाशीं जी सुजेसारखी घडी असते तिच्या बाहेरून. कापलेल्या जागेस बोर्डो मलम लावावें : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर. शिडीवर उभें राहून अगर खांद्याच्या वर करवत नेऊन केव्हांही कापूं नये; उंच फांदीस लांब दांडीचा आंकडा अगर हातकरवत बरी.

अंगावर लुंगी, गळ्यांत गमछा अगर मफलर, पायांत चपला, असा वेष या कामास वर्ज्य आहे. पायांस बूट, डोळ्यांस चष्मा अगर जाळी, डोक्यास टोप व कानांस बोळे अगर कर्णटोप असावे. या यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. नडगी-मांडीच्या रक्षणासाठीं जाड तंतूंचा पायपट्टा मिळतो. त्याचे तंतू सांखळींत गुंतून तिला थांबवितात. आमच्या वाटेकऱ्यास तो असता तर सतरा टांक्यांची पाळी आली नसती. करवत घेणाऱ्यानें त्याची किंमत करवतीच्या किंमतींतच धरावी.

कायद्याची बाजू.— आमच्या जुन्या धंद्यास अनुसरून दोन शब्द सांगतों. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २५ अन्वयें खातेदाराच्या जमिनींतील झाडें त्याचींच असतात. तथापि झाड आपलें म्हणजे तें वाटेल तेव्हां तोडतां येतें असें नाहीं. वृक्षतोडीच्या नियमनाचा १९६४ सालचा कायदा लागू असून त्याच्या अनुसूचींत साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, फणस, ऐन, किंजळ, अंजन इत्यादि झाडें आहेत. यांपैकीं झाड तोडण्यापूर्वीं वृक्ष-अधिकाऱ्याकडे अर्ज करून लेखी परवानगी घेतली पाहिजे. शहराच्या हद्दींत १९७५ सालचा वेगळा कायदा आहे. झाड बांधावरचें असेल तर तें कोणाच्या हद्दींत येतें हें आधीं पाहावें. सामाईक बांधावरच्या एका झाडावरून दोन पिढ्या कोर्टांत गेलेल्या आम्हीं दप्तरांत पाहिल्या आहेत. कुऱ्हाडीच्या दिवसांत झाड पडावयास एक दिवस लागे, व तेवढ्यांत शेजारी येऊन हरकत घेई. आतां दहा मिनिटांत झाड आडवें होतें. विचार करण्याचा वेळ यंत्रानें कमी केला आहे, तो आपण होऊन काढला पाहिजे. लांकूड विकण्यासाठीं गाडींतून नेणें असेल तर वनखात्याकडे वाहतूक-परवान्याची चौकशी आधींच करावी.

खर्च व भागी.— ज्याच्याकडे वर्षाकांठीं चार-पांच दिवसांचेंच काम आहे, त्यानें एकट्यानें करवत घेण्याऐवजीं तिघा-चौघांनीं मिळून घ्यावी. मात्र भागीची करवत नेहमीं बोथट असते, असा अनुभव आहे. ज्याच्या हातून धार गेली तो ती तशीच परत करतो. यावर तोड अशी कीं, यंत्र सामाईक असावें, पण सांखळी व कानस ज्याची त्यानें ठेवावी. व चालविणारा मनुष्य शक्य तों एकच असावा. आमच्या संस्थेनें एखाद्या दिवशीं सभासदांस व त्यांच्या गड्यांस धार लावणें आणि ब्रेक पारखणें प्रत्यक्ष शिकविण्याची व्यवस्था केली, तर तिचा उपयोग पुष्कळांस होईल, अशी आमची सूचना आहे.

शेवटीं आमच्या घरची हकीकत पुरी करितों. पहिली करवत आम्हीं विकली नाहीं. ब्रेक नसलेलें यंत्र दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणें योग्य वाटेना, म्हणून तिची सांखळी काढून ती मोडींत घातली. दुसरी घेतांना वाटेकऱ्यास बरोबर नेलें. त्यानें चार करवती धरून पाहिल्या, आम्हीं बोट दाखविलेली नाकारली, आणि ३५ सीसीची, १४ इंचांच्या पट्टीची एक हातांत धरून “ही चालंल” असें म्हटलें. तीच आम्हीं घेतली. गेल्या दोन उन्हाळ्यांत तिनें तेराही बाभळींच्या फांद्या उतरल्या व आम्हां दोन्ही घरांचें सरपण झालें. हंगामाच्या पहिल्या दिवशीं पहिली टाकी संपेपर्यंत ती आम्ही स्वतः धरतों, व मगच त्याच्या हातीं देतों. म्हातारीच्या प्रश्नाचें तें पुरें उत्तर नव्हे, हें आम्ही जाणतों. पण यंत्राचें वजन व त्याची खोड धरल्यावांचून कळत नाहीं, एवढें त्यावरून आम्ही शिकलों. आमच्या शेतकरी बंधूंनींही घेण्यापूर्वीं एकदां धरून पाहावें.